नारिंगी सुतळीचं पुडकं

बुधवार, नाश्त्यानंतर

प्रिय ओपल,

'प्रिय' लिहिलंय ते हाताला सवय आहे म्हणून. आज ते मनातून आलेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तू म्हणशील, बघा, बर्निसचा राग पहिल्याच शब्दाला विरघळला. नाही विरघळलेला. हल्ली मी रागातच उठते, रागातच ओट्स शिजवते आणि रागातच व्हर्नच्या पुढ्यात त्याच्या गोळ्या आदळते. काल तो बिचारा म्हणाला, माझं काही चुकलं असेल तर सांग बाई, एकदाची माफी मागून टाकतो. बायकोच्या रागाला लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही हा माणूस असा घाबरतो. त्याला म्हटलं, हा राग तुझ्या वाटणीचा नाही, ओपलच्या वाटणीचा आहे, आणि तो मी तिलाच नेऊन देणार आहे.

लायब्ररीच्या कमिटीसमोर, सगळ्यांच्या देखत, तू काय म्हणालीस ते तुला आठवतंय का? हल्ली तू सोयीचं तेवढंच आठवतेस, म्हणून मी आठवण करून देते. तू म्हणालीस, "बर्निसला हल्ली नीट दिसत नाही." बस, एवढंच. आणि हातातली पर्स बंद केलीस. मला दिसत नाही! मला! उभा जन्म मी पोस्टाच्या खिडकीत बसून काढला. आपल्या गावातल्या दोन्ही डॉक्टरांचं अक्षर वाचणारी मी एकटी होते, औषधाच्या दुकानातली माणसंसुद्धा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायची. गोळ्यांच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर मी आजही खिडकीशी धरून वाचते. आणि तू, जिला हे सगळं ठाऊक आहे, तू चारचौघांत मला आंधळी ठरवून मोकळी झालीस.

त्याचं पुढे काय झालं तेही ऐक. तू घरात दार लावून बसलीस, तुला काय कळणार? पास्टरची बायको आता मला बघितलं की रस्ता ओलांडून येते आणि माझा दंड धरते. मला पलीकडे जायचं नसलं तरी नेऊन सोडते. लायब्ररीतल्या किर्स्टनने हिवाळी वेळा मला वेगळ्या छापून दिल्या, एकेक अक्षर बटाट्याएवढं. किर्स्टन मनाची चांगली आहे, मला ठाऊक आहे, पण तो कागद हातात घेताना माझे कान तापले. शुक्रवारी आम्ही मासे खायला गेलो, तर वाढणारी पोरगी मला मेन्यू वाचून दाखवायला लागली, तेही ओरडून, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले. त्या हॉटेलात शुक्रवारी तळलेला मासा, बटाटे आणि कोबी यापलीकडे माझ्या लग्नाच्या आधीपासून काही मिळालेलं नाही. व्हर्न खाली मान घालून हसत होता. त्याच्याशी मी घरी येईपर्यंत बोलले नाही.

लोकांचं मी एक वेळ सोडून देईन. पण तू म्हणालीस ते लायब्ररीतल्या आपल्या हॅलोविनच्या पुस्तकांच्या टेबलाबद्दल म्हणालीस, ते मी सोडू शकत नाही. तुला आणि मला सोडून त्या टेबलाचं मोल या गावात कुणाला आहे? ते सुरू कसं झालं आठव. तू तेव्हा तिसरीच्या वर्गाला शिकवत होतीस. माझी भाची तुझ्या वर्गात होती, आणि हॅलोविनसाठी तू तिला दिलेलं भुताचं पुस्तक बघून मी म्हटलं होतं की या भुताला आमच्या कोंबड्यासुद्धा घाबरणार नाहीत. पोरीने ते तुला जसंच्या तसं जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू पोस्टात आलीस, रांगेत उभी राहिलीस, आणि तुझी पाळी आल्यावर तिकिटं मागायचं सोडून मला सुनावायला लागलीस. मुलांना घाबरवायचं असतं, पण मापात, आणि शेवटच्या पानावर दार नीट लावून घ्यायचं असतं. मोठ्यांसाठी दार थोडं किलकिलं राहिलं तरी चालतं, कारण ते दार पुरतं कधी बंद होतच नाही हे मोठ्यांना माहीत असतं. मी म्हटलं, मग मोठ्यांसाठी एक पुस्तक सुचवा बघू. तू म्हणालीस, तुम्हीच सुचवा. मागे माणसं हातात खोकी घेऊन ताटकळत उभी. चीजच्या कारखान्यातला तो मुकादम शेवटी ओरडला, अहो बायांनो, माझं पार्सल वितळतंय.

तिथून आपण कधी थांबलोच नाही. तू मुलांची पुस्तकं निवडायचीस, मी मोठ्यांची, आणि दोघींनी दोन्ही वाचायची. सगळा उन्हाळा तुझ्या पुढच्या व्हरांड्यात पुस्तकांचे ढीग पडलेले असायचे, तुझ्या मांडीवर खाऱ्या बिस्किटांचा पुडा आणि माझ्या कानामागे पेन्सिल. जिथे अंगावर काटा आला तिथे मी समासात ठिपका करायची आणि तू कोपरा दुमडायचीस. कितीदा माझा ठिपका आणि तुझा दुमडलेला कोपरा एकाच पानावर यायचा, आणि मग आपण त्या पानावर दिवसभर वाद घालायचो. तुझं म्हणणं असायचं की मोठ्या माणसाला भुताची भीती वाटतच नाही, घरातलं माणूस आतून बदललंय आणि बाहेरून तसंच दिसतंय, याची वाटते. मी म्हणायची, तळघरात काहीतरी हललं तर तुझे डोळे पांढरे होतील, मग कळेल.

आणि नियम तूच केला होतास, मी नाही. जिने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचलं असेल तिनेच ते बांधायचं. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. तपकिरी कागद, मुलांच्या पुडक्याला नारिंगी सुतळी, मोठ्यांच्या पुडक्याला काळी. वर चिठ्ठी, तिच्यावर एका ओळीत आत काय आहे त्याचा वास आणि भीतीप्रमाणे भोपळ्याची चित्रं. एक भोपळा म्हणजे मांजर अचानक उडी मारतं तेवढं, चार भोपळे म्हणजे जिन्यातला दिवा चालू ठेवा. लोक मुखपृष्ठ न बघता पुडकं उचलायचे आणि घरी नेऊन उघडायचे, तीच गंमत होती. तो मुकादम दरवर्षी चार भोपळे न्यायचा आणि सुतळी न सोडताच परत आणायचा. म्हणायचा, चिठ्ठीनेच काम झालं. लोकांचा आपल्यावर विश्वास होता, ओपल. सफरचंदाचं सायडर प्यायला आणि डोनट खायला येणारी माणसंसुद्धा जाताना एक पुडकं काखेत मारून न्यायची, कारण त्यांना ठाऊक होतं की त्या दोन म्हाताऱ्यांनी हे वाचलेलं आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तुझी लक्षणं वेगळीच होती. व्हरांड्यात उकडतं म्हणालीस. तू तुझ्या घरी वाच, मी माझ्या घरी वाचते, म्हणालीस. मी म्हटलं, असेल, वय झालं आपलं. मग मी बोलत असले की तू माझ्याकडे बघायचीच नाहीस, भलतीकडेच नजर लावून बसायचीस. मला वाटलं, बाईला माझा कंटाळा आला. गाडी बिघडली म्हणालीस आणि ती महिनोन्‌महिने तशीच गॅरेजमध्ये पडून राहिली. मी म्हटलं, व्हर्न बघेल, तर फाडकन म्हणालीस की व्हर्नने आपली स्वतःची गाडी बघावी. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलांची पुडकी घरूनच बांधून घेऊन आलीस. एकत्र बसून बांधायची पद्धत तूच घातलेली, तूच मोडलीस. मला ते लागलं होतं, पण मी तेव्हा गप्प बसले, आणि माझ्यासारखी बाई गप्प बसते म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

मग मेबल ग्रेफने ते पुडकं नेलं. सात वर्षांची पोर, समोरचे दोन दात पडलेले, आणि तिच्या वर्गात तिच्याइतकं भराभर वाचणारं कुणी नाही. नारिंगी सुतळी, एक भोपळा, आणि चिठ्ठीवर तुझ्या हाताने लिहिलेलं, 'माळ्यावर एक मांजर राहतं. ते अंधारात शिंकतं. कुणाला बघून?' मेबल उड्या मारत घरी गेली. सुतळी सोडली तर आत काय? आत माझ्या ढिगातलं पुस्तक. चार भोपळ्यांचं. ज्यात आई घरात असते, स्वयंपाक करते, मुलीचे केस विंचरते, आणि मुलीला हळूहळू कळत जातं की ही आपली आई नाही. जूनमध्ये मीच तुला ते दिलं होतं. जुलैमध्ये तू मला म्हणालीस, वाचलं, छान आहे, शेवट जरा लांबलाय.

हायडीला, मेबलच्या आईला, दोन दिवस काही कळेचना. पोरगी केसांना हात लावू देईना. जेवताना ताटावर हाताचं कुंपण करून बसायला लागली. शेवटी सकाळी दुधात सीरियल घालता घालता तिने आईला अगदी शांतपणे विचारलं, "आपला पहिला हॅम्स्टर मेला तेव्हा त्याला आपण कशात पुरलं होतं?" हायडीला आठवेना. तीन मुलं, नोकरी, तिला हॅम्स्टर कुठून आठवणार? ती म्हणाली, बुटाच्या खोक्यात असेल. पोर खुर्चीवरून उठली आणि बाहेर बर्फासारख्या गार अंगणात जाऊन उभी राहिली, पायात मोजेसुद्धा नव्हते. चहाच्या डब्यात पुरलं होतं म्हणे. मला हे ऐकून हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. हायडीची काही चूक नाही. तिच्या जागी मी असते तर मी लायब्ररीच्या खिडक्या फोडल्या असत्या.

आता ती सभा, लायब्ररीच्या तळघरातली. हायडीने ते पुस्तक दोन बोटांत धरून टेबलावर टाकलं, मेलेला उंदीर टाकावा तसं. कमिटीच्या अध्यक्षाने घसा साफ करून विचारलं की हे पुडकं कुणी बांधलं. चिठ्ठीवर अक्षर तुझं, सुतळीची गाठ तुझी, ती दुहेरी गाठ जी मला आजवर जमली नाही. सगळ्यांना दिसत होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू नुसतं एवढं म्हणाली असतीस ना, की चुकलं माझं, तर मी दुसऱ्या क्षणी उभी राहून म्हणणार होते की टेबल दोघींचं आहे, चूक दोघींची आहे, काय करायचं ते दोघींना करा. शपथेवर सांगते, ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि तू काय म्हणालीस ते मी वर लिहिलंच आहे. ढीग बर्निसने दिले, म्हणालीस, आणि बर्निसला हल्ली नीट दिसत नाही.

मी काही बोलले नाही. लोकांना वाटलं, लाजली. लाजले नव्हते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तोंड उघडलं असतं तर त्या तळघरातून पुन्हा वर येता आलं नसतं. मग त्यांनी ठरवून टाकलं. हॅलोविनच्या आतच पुडकी टेबलावरून उचलायची, आणि पुढच्या वर्षीपासून कुठल्याशा कंपनीकडून तयार खोकं मागवायचं. ते खोकं मी पाहिलं, किर्स्टनने नमुना दाखवला. मुलांच्या पुस्तकांवर चिकटवलेलं, वय सात ते नऊ, सौम्य. मोठ्यांच्या पुस्तकांवर, ज्यांना ते आवडलं त्यांना हे आवडेल. भीती म्हणजे काय बुटाचं माप आहे? सात वर्षांची एक पोर गोष्टीतल्या थडग्यांच्या अख्ख्या गावात हसत फिरून येते आणि दुसरी रिकाम्या झोक्याच्या चित्राला रडते, आणि कुठल्या पोरीला काय द्यायचं हे तू तिच्या तोंडाकडे बघून सांगायचीस. ते त्या खोक्यात कसं येणार? हे मी किर्स्टनला म्हटलं. ती म्हणाली, बर्निस, तुम्ही जरा बसा ना, पाणी देऊ का? आंधळीला पाणी.

त्यानंतर मी तुला फोन केले. किती केले ते व्हर्नला विचार. तू उचलला नाहीस. रविवारी आम्ही चर्चमध्ये असताना माझी सगळी पुस्तकं तू खोक्यात भरून आमच्या पायरीवर ठेवून गेलीस. शेजारच्या पोरीकडून ढकलगाडीवर आणवलंस म्हणे. वर एक ओळसुद्धा नाही. ते खोकं मी लाथेने दारामागे सरकवलं आणि उघडलंही नाही. उठू नकोस, अजून संपलेलं नाही.

काल मी किराणा दुकानात गेले होते. डब्यांच्या रांगेत तू उभी होतीस, तुझ्या त्या निळ्या कोटात. हातात सूपचा डबा धरून तू तो डोळ्यांच्या एका कडेला नेत होतीस, मग दुसऱ्या कडेला. मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता बघू, काय म्हणते बया. दोन हातांवर मी, आणि तुझ्याकडे टक लावून बघतेय. तू मान वर केलीस, थेट माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जरा सांगता का, हे चिकनचं आहे की टोमॅटोचं? माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा तुझ्या नाकावर होता, ओपल.

मला वाटलं, हा नवा अपमान. इतकं का खाली पाडायचं माणसाला, की ओळखसुद्धा दाखवायची नाही? म्हटलं, हिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. मी डब्याकडे बोट केलं, खरंच केलं, आणि तू माझ्या बोटाकडे बघितलंही नाहीस, उत्तराची वाट बघत हसत उभी राहिलीस. ते हसू आपलं नव्हतं. दुकानदाराला, बँकेतल्या पोराला, अनोळखी माणसाला द्यायचं ते गोड हसू. मग मागून सामान लावणारा माणूस आला, तो म्हणाला, टोमॅटो आहे बाई. तू त्याचे आभार मानलेस आणि माझ्या खांद्याला घासून, मला 'माफ करा हं' म्हणून निघून गेलीस. मी तिथे टोमॅटोच्या डब्यांसमोर उभी राहिले. माझ्या कार्टमधलं आइसक्रीम पातळ होईपर्यंत उभी राहिले.

घरी येऊन कोटसुद्धा न काढता मी दारामागचं खोकं उघडलं. एकेक पुस्तक हातात घेऊन झटकलं. बिस्किटाचा चुरा नाही. कोपरा दुमडलेला नाही. कॉफीचा डाग नाही. पानं दुकानातून आणल्यासारखी कोरी, माझे ठिपके तेवढे एकटे. अख्ख्या उन्हाळ्यात तू एकही पान वाचलेलं नव्हतंस. आणि ते आई नसलेल्या आईचं पुस्तक? त्याच्या मुखपृष्ठावर मोठं पिवळं मांजर आहे. मोठं, पिवळं, मुलांच्या पुस्तकावर असावं तसं. तुला तेवढंच दिसलं. मी शिंकणारं मांजर शोधलं, किर्स्टनलाही फोन करून शोधायला लावलं. असं पुस्तकच नाही. ती ओळ तू तुझ्या मनाने लिहिलीस.

म्हणजे भलतीकडे नजर लावून बसायचीस ती माझा कंटाळा म्हणून नव्हे. मधलं काही दिसत नव्हतं म्हणून कडेने बघत होतीस. गाडी बिघडलेली नव्हती. व्हरांड्यात उकडत नव्हतं. आणि त्या सभेत सगळे तुझ्याकडे बघत असताना तुझ्या डोक्यात दुसरा शब्दच नव्हता, म्हणून जो होता तो तोंडातून बाहेर पडला आणि माझ्या गळ्यात येऊन पडला. हे मला काल संध्याकाळी, कोट अंगात असतानाच, एकदम कळलं. मी रडले. व्हर्नने विचारलं, आता काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आणि त्याला बटाट्याचं कॅसरोल थंडच वाढलं.

तुला वाटेल, एवढं कळल्यावर राग गेला असेल. गेला नाही, वाढला. आधी मला वाटत होतं, तू माझी अब्रू घालवलीस. ती गेली तर गेली, पास्टरच्या बायकोच्या दंडाला धरून मी पुन्हा मिळवीन. पण तू मला सांगितलं नाहीस. कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या ओळीला तुझ्या पोटात गोळा आला हे तू मला वर्षानुवर्षं सांगत आलीस. तुझा क्लिफर्ड गेला त्या आठवड्यात दुसरं कुणी घरात नको म्हणून मला एकटीला आत घेतलंस. आणि ही एक भीती, खरी, स्वतःची, ती तू माझ्यापासून तपकिरी कागदात गुंडाळून ठेवलीस. काय समजलीस तू मला? मी गावभर सांगितलं असतं? तुझ्या लेकीला, जॅनेलला, फोन करून म्हटलं असतं, ये आणि आईचं घर विकून टाक? तुझ्या आईची दृष्टी गेल्यावर तिला तुझ्या भावांनी त्या संस्थेत ठेवलं आणि ती तिथे भिंतीकडे तोंड करून बसायची, हे मला माहीत आहे. दर रविवारी तुझ्याबरोबर जाणारी मीच होते. पण मी तुझे भाऊ नाही. तू मला त्यांच्या रांगेत बसवलंस, याचा मला इतका राग आलाय की हे लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

आणि मूर्खपणा बघ. वाचता येत नाही म्हणून निवडता येत नाही, असं तुला वाटलं. नियम काय, स्वतः शेवटपर्यंत वाचायचं! अगं, नियम तुझा, तूच बदलायचास ना. ऐकूनही शेवटपर्यंत जाता येतं. पोरांच्या पुस्तकाचं पहिलं पान तू स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचायचीस आणि कान देऊन ठरवायचीस, ते विसरलीस? भीती तुला डोळ्यांनी कधी कळत होती? मेबल आज सकाळी आईबरोबर पोस्टात भेटली. माझ्याकडे आली आणि म्हणाली, तिला दुसरं पुस्तक नको, खोक्यातलंही नको, शिंकणारं मांजर हवंय. चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे ते असणारच. हायडी म्हणाली, ते आधी वाचणारी मी, मग ती. मी सांगितलं, मिळेल. आता ते मांजर कुणाला बघून शिंकतं, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? शनिवारी हॅलोविन आहे, त्याच्या आत मला सांग, मी लिहून घेते. शेवटी दार नीट लाव म्हणजे झालं. तुझ्या डोळ्यांचं मी कुणाला बोललेले नाही, हायडीलाही नाही, व्हर्नलाही नाही. ते तू सांगायचं, तुला वाटेल तेव्हा.

राहता राहिलं एकच. जिला वाचता येत नाही तिला मी पत्र का लिहिलं? तोंडी भांडायला लागले की दुसऱ्या वाक्याला तू मला हसवतेस. मग मी कॉफी करते, मग आपण पत्ते काढतो, आणि माझा राग दरवेळी अर्धाच राहतो. या खेपेला तो पुरा करायचा होता, एक शब्दही न गाळता. म्हणून लिहून काढला, आणि पोस्टात न टाकता हातात घेऊन तुझ्या घरी आले. आता तुझ्या समोरच्या खुर्चीत बसून, पहिल्या 'प्रिय'पासून, तुला मोठ्याने वाचून दाखवतेय. तू मध्ये उठून गेली नाहीस, हे मला दिसतंय. पुस्तकांचं खोकं गाडीत आहे. वाचणार मी, घाबरणार तू, आणि कुठे घाबरलीस ते लगेच सांगायचं, लपवायचं नाही. नको म्हणालीस तरी मी जाणार नाही, उद्याही येणार आहे. सही तुला दिसायची नाही, म्हणून तीही वाचते.

तुझीच,
बर्निस